टेन्शनकाका आणि बाराची जोड

‘टेन्शन घेऊ नका’ असं आमच्या टेन्शनकाकांना म्हणणाऱ्याची खैर नसे. म्हणजे ते रागवायचे नाहीत. ते समजावून सांगायचे, आणि ते जास्त वाईट होतं. एकदा हैदराबादेत तारनाक्याच्या सिग्नलला रिक्षावाला सहज म्हणाला, “टेन्शन नक्को लेओ साब, पहुंचा देता मैं.” काका सीटवरून पुढे वाकले. “टेन्शन तो लेनाच पडता मियाँ. रेल के ऊपर की तार देखे कभी? हजार किलो टेन्शन लेके खडी रहती. नै ली तो गिर जाती.” रिक्षावाल्याने दचकून वर पाहिलं. वर एका शिकवणी वर्गाचा फलक होता. तरी त्याने रिक्षा जरा बाजूने काढली.

काका रेल्वेत होते. इंजिनाला वीज पुरवणाऱ्या डोक्यावरच्या तारा बांधायच्या, ताणायच्या आणि ताणलेल्या ठेवायच्या, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. घराणं मूळचं देगलूरकडचं, शेतकऱ्याचं. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. काकांच्या मराठीत दखनी आणि तेलुगू इतकी मुरली होती की होकाराचा दखनी ‘हौ’ आणि ‘ना?’ या अर्थाचा तेलुगू ‘कदा’ एकाच वाक्यात सुखाने नांदायचे. मी पुण्याहून इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आले आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. पहिला महिनाभर काका काय म्हणतात ते मला काकूंकडून समजून घ्यावं लागे. काकू कमी बोलायच्या, पण कळेल असं बोलायच्या.

आमची ओळख झाली ती एका रविवारी दुपारी. ऑफिसातल्या चौघांनी मिळून आम्ही बँड काढला होता आणि मी त्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. घरी सराव करताना आवाज अगदी बारीक ठेवायचे. तरी दारावर थाप पडली. दारात काका उभे. मी लगेच म्हटलं, “सॉरी काका, बंद करते.”

“बंद कशाला? वाजव. ती जाडी तार वाजव.”

मी वाजवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तारेकडे बघत राहिले. ऐकत आहेत असं वाटलं नाही, बघतच होते. मग तारेवर मधोमध बोट ठेवून हलकेच दाबलं आणि खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढून तार किती खाली गेली ते मोजलं.

“ढिली आहे,” ते म्हणाले. “खाली आमच्या छताला कळायलंय. तुला कसं कळना?”

ढिली होतीच. आमच्या गायकाला सगळी गाणी खालच्या पट्टीत लागायची. त्यासाठी गिटारच्या पाच तारा दोन-दोन घरं उतरवायच्या आणि सगळ्यांत जाड तार चार घरं. एक घर म्हणजे अर्धा सूर. या लावणीला ‘ड्रॉप सी’ म्हणतात. मी तारा उतरवल्या होत्या, पण बदलल्या नव्हत्या. दुकानदाराने दिलेला दहाचा सेटच होता, म्हणजे त्यातली सगळ्यांत बारीक तार इंचाच्या हजार भागांतले दहा भाग जाड. हा सेट नेहमीच्या लावणीसाठी असतो. उतरवल्यावर जाड तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी झाली होती. जरा जोरात छेडली की भलताच सूर निघायचा आणि ती तिच्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर खडखडायची. मी समजत होते, माझं बोट कच्चं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले तर काका जिन्यात कागद घेऊन उभे. रात्रीत त्यांनी नातवाच्या पुस्तकातून सूत्र शोधलं होतं. “सूर दोन घरं उतरला की तारेतला ताण पाचवा हिस्सा जातो. चार घरं उतरला की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जातो. गेलेला ताण परत आणायचा तर तार जाड पाहिजे. दुसरा रस्ता नाही. तुझ्या पाच तारांना अकराचा सेट चालतो. दोन घरं खाली, एक नंबर जाड, असं ध्यानात ठेव. पण सहावी तार चार घरं उतरलीय. तिला सेटमधली तार पुरणार नाही. तिला वेगळी आण, अठ्ठावन्नची.”

“पण काका, तारा सेटमध्येच मिळतात.”

“सेट कामून? गणवेश आहे का?”

त्या शनिवारी आम्ही आबिड्सला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सवयीने दहाचं पाकीट पुढे सरकवलं. काकांनी ते मागे सरकवलं.

“अंकल, सब लोगां दसइच लेके जाते,” दुकानदार म्हणाला.

“सबका सुर एकीच है क्या?”

दुकानदाराने पाकीट खाली ठेवलं. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. मग त्याने खालचा एक खण ओढला. त्यात सुट्या तारा होत्या, पण अठ्ठावन्नची नव्हती. छप्पनची होती. काकांनी ती उजेडात धरली, नखाने तिच्यावरचा वेढा पाहिला आणि घेतली. बाहेर आल्यावर म्हणाले, “मागितली अठ्ठावन्न, मिळाली छप्पन. नोकरीतही असंच व्हायचं. गाड्या चालल्याच कदा.”

छप्पनची तार गिटारला बसेना. खुंट्यांच्या अलीकडे सहा खाचांची एक लहानशी पट्टी असते, तिच्यातली खाच जुन्या तारेच्या मापाची होती. नवी तार वरच तरंगायची. मी कानस आणायला निघाले तर काकांनी थांबवलं. काढून टाकलेल्या जुन्या तारेला बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि तिनेच खाच घासायला बसले. तीन संध्याकाळी. दर वीस वेळा घासल्यावर तार बसवून बघायचे आणि परत काढायचे. मी म्हटलं, “काका, एकदाच जरा जास्त घासू या की.” ते मान वर न करता म्हणाले, “जास्त घासलेलं भरता येत नाही. कमी घासलेलं उद्या घासता येतं. तुला उद्या काय काम आहे?”

चौथ्या दिवशी जाड तार वाजवली, आणि परत वाजवली. तोच सूर, पण आता त्याला बूड होतं. काकांनी मधोमध बोट ठेवलं, पट्टी लावली आणि “बरोबर” म्हणून खाली जेवायला गेले.

मी यातून शहाणी झाले नाही. आमचा ड्रमर म्हणाला, जितकी तार जाड तितका आवाज भारी. काका-काकू आठ दिवस मुलीकडे बीदरला गेले होते, तेवढ्यात मी सगळा तेराचा सेट चढवला. बोटांना फोड आले. गिटारची मान पुढे वाकली आणि तारा इतक्या उंच गेल्या की त्यांच्याखालून पेन्सिल जावी. काका परत आले, त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरली आणि मानेच्या रेषेत पाहिलं.

“आधी या मानेवर शेहेचाळीस किलोचा माणूस लटकत होता. आता बासष्ट किलोचा लटकतोय. माणूस बदलला. मान तीच आहे.”

एवढंच बोलले. दोन दिवस जिन्यात भेटले तर हवामानाबद्दल बोलायचे. तिसऱ्या दिवशी मी अकराचा सेट परत लावला आणि खाली काकूंनी आंबाडीची भाजी वाढली, तेव्हा प्रकरण मिटलं.

काकूंबद्दल मला बरेच महिने एक गोष्ट माहीत नव्हती. गल्लीतल्या दत्ताच्या देवळात गुरुवारी बायकांचं भजनी मंडळ बसायचं. काकू तिथे मागच्या ओळीत बसून टाळ वाजवायच्या. मी समजत होते, त्यांना टाळ आवडतो. एका संध्याकाळी काका माझ्याकडे तारा पुसत बसले होते, हे कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि पुसता पुसता त्याच आवाजात म्हणाले, “हिचं गाणं बंद झालं.”

“काकू गायच्या?”

“तीस वर्षं पहिल्या ओळीत. दोन वर्षांमागं गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, आवाज उतरू शकतो म्हणून. उतरला.” त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. “आवाज किती उतरला ते मोजता येतं का, मेधा?”

मोजता येत होतं. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप होतं. पण काकू तयार होईनात. “मी काय गहू आहे, मोजायला?” मग एका दुपारी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “एकदाच हं,” आणि पानांकडे बघत सा लावला. पूर्वी काकू पेटीच्या काळी चारमध्ये गायच्या. आता त्यांचा सा काळी एकवर येत होता. सात घरं खाली.

“मला मोजायची गरज नव्हती,” काकू म्हणाल्या. “मला ऐकू येतं. पुरुषांची पट्टी झाली माझी. मंडळातल्या बायकांना एवढ्या खाली उतरता येत नाही आणि पेटीवाल्या सुमनताईंचे हात काळी चारवरच बसलेत. त्यांचा काय दोष? एकीसाठी वीस जणींनी घोगरं गायचं का?” आणि मेथी घेऊन आत गेल्या.

आठवडा गेला. मग कागद आला. त्यांनी माझी गिटार काकूंच्या आवाजाला लावायची ठरवली होती. सहा तारांचे सूर मी त्यांना सांगितले होते: फक्त सा आणि प, तंबोऱ्यासारखे, काळी एकमध्ये. त्या सुरांना कोणती तार लागेल ते त्यांनी एकेक करून काढलं होतं. या लावणीत काही तारा खाली जात होत्या तर काही वर. खाली जाणारी जाड, वर जाणारी बारीक. सहावी छप्पन, पाचवी अडतीस, चौथी अठ्ठावीस, तिसरी सोळा. इथवर ठीक होतं. शेवटच्या दोन ठिकाणी मात्र काकांनी तीनदा खाडाखोड केली होती.

“इथं माझं काहीतरी चुकायलंय,” ते म्हणाले. इतक्या महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. “दुसरी तार बाराची येते. पहिलीपण बाराची येते. तीनदा केलं. गिटारवर दोन तारा सारख्या कशा असतील?”

काकू दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलं नाही.

“चूक नाही ती,” त्या म्हणाल्या. “दोन्ही तारा सा आहेत ना? मग सारख्याच असणार. तंबोऱ्यात मधल्या दोन तारा अशाच असतात. जोड म्हणतात तिला.”

काकांनी कागदाकडे पाहिलं, मग काकूंकडे. “हे तू आधी सांगायचं की.”

“तुम्ही विचारलं कुठं?”

काकू आत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. मी तारा चढवल्या. सूर मिळवताना दोनदा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “अजून. थोडी अजून. हं, आता.” ॲपचा काटा नंतर मधोमध यायचा, काकूंचा हात आधी.

त्या दिवशी त्या गायल्या. अभंगाचं धृपद एकदा झालं आणि दुसऱ्या ओळीवर आवाज फाटला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी वाजवणं थांबवलं, तर पदराआडूनच ओरडल्या, “तू कशाला थांबलीस? तुझ्या गळ्याला काय झालंय?” मी घाईघाईने परत सुरू केलं. त्याही सुरू झाल्या. काका समोर पेपर वाचत होते. संपूर्ण अभंगात त्यांनी पान उलटलं नाही. शेवटी काकूंनी विचारलं, “कसं झालं?”

“एकपण तार उतरली नाही,” काका म्हणाले.

पुढच्या महिन्यात देवळात मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. सुमनताईंना काकांनीच जाऊन सांगितलं की एक अभंग आमच्या घरातून होईल, वाद्य आम्ही आणू. इलेक्ट्रिक गिटार बघून पहिल्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुमनताईंनी मला हळूच विचारलं, “हे जोरात वाजतं ना ग?” मी म्हटलं, “सांगितलं तर वाजतं.” त्या म्हणाल्या, “मग सांगू नकोस.”

त्या सकाळी काकांनी हट्टाने सगळ्या तारा नव्या चढवायला लावल्या. जुन्यांवर घामाचे डाग पडलेत, कार्यक्रमाला नव्या पाहिजेत. मी म्हटलं, “काका, नव्या तारा एक-दोन दिवस उतरत राहतात.” ते म्हणाले, “मला सांगतेस?” आणि नव्या चढल्या.

काकू पहिल्या ओळीत बसल्या. दोन वर्षांनी. अभंग सुरू झाला आणि तिसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की तारा उतरायला लागल्यात. सगळ्या सारख्या उतरल्या असत्या तरी चाललं असतं. पण जोडीतली एक उतरली होती आणि दुसरी नव्हती, आणि त्या दोघी आता एकमेकींशी भांडत होत्या. मागे कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, आता काकू उठणार आणि परत कधी या ओळीत बसणार नाहीत.

काकू थांबल्या. समोरच्या साठ-सत्तर माणसांना म्हणाल्या, “एक मिनिट हं,” जसं दारातल्या पोस्टमनला म्हणावं. मग माझ्याकडे वळल्या आणि सा लावला. नुसता सा, खालचा, रुंद, स्थिर. “मिळव,” म्हणाल्या. परत सा लावला. मी खुंटी पिळत गेले आणि त्या धरून राहिल्या. मोबाइल पिशवीत होता, त्याची गरज पडली नाही. देवळात दुसरा आवाज नव्हता. जोड मिळाली तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि जिथे सोडला होता तिथूनच अभंग उचलला. शेवटचं धृपद वीस बायकांनी म्हटलं. खाली, घोगरं, जमेल तसं. सुमनताई पेटी बंद करून टाळ्या देत होत्या.

घरी येताना काका रस्त्याच्या कडेने एकटेच पुढे चालत होते. मी गाठलं तेव्हा म्हणाले, “नवी तार ताणून बसू द्यायची असते. आम्हीपण नवी तार आधी ताणून ठेवायचो, मग कामाला घ्यायचो. चौतीस वर्षं हेच केलं मी.” चार पावलं गेल्यावर म्हणाले, “घाई झाली मला.”

मग दर गुरुवारी एक अभंग काळी एकमध्ये व्हायला लागला. दोन वर्षांनी कंपनीने मला पुण्याला परत पाठवलं. जाण्याआधी मी काकूंसाठी त्या सहा तारा छेडत अर्धा तास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून दिलं. मी म्हटलं, “अर्धा तास पुरेल ना?” काका म्हणाले, “तिचं रोजचं गाणं सव्वीस मिनिटांत होतं. मोजलंय.” नामपल्ली स्टेशनवर मला सोडायला दोघंही आले. काकूंनी डबा दिला. काकांनी अकराचं पाकीट आणि सुटी छप्पन दिली. “पुण्यात मिळेल हो काका,” मी म्हटलं. “मिळेल,” ते म्हणाले, “पण चौपन्न देतील.”

गेल्या उन्हाळ्यात काका दुपारी झोपले आणि उठले नाहीत. मी तेराव्याला हैदराबादला गेले. पाहुणे पांगल्यावर मी आणि काकू पुढच्या खोलीत बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “काकांना तुमचं गाणं फार आवडायचं.”

“छे ग,” काकू म्हणाल्या. “त्यांना सूर कळतच नव्हता. राष्ट्रगीत कुठलं आणि आरती कुठली, ते लोक उभे राहिलेत की टाळ्या वाजवतायत यावरून ओळखायचे. बेचाळीस वर्षांत मी कधी बेसूर झाले तरी त्यांना पत्ता नाही. ऑपरेशननंतर माझा आवाज उतरला, हे त्यांना डॉक्टरच्या कागदावरून कळलं.”

“मग एवढं सगळं त्यांनी...”

“मी स्वयंपाकघरात गायची बंद झाले ना,” काकू म्हणाल्या. “मला माझाच आवाज ऐकवत नव्हता. ते दिवसातून चार वेळा आत यायचे, पाणी प्यायचे, आणि जायचे. एक दिवस म्हणाले, घरात कुणी नाही असं वाटायलंय.”

मग काकू उठल्या. माझी गाडी संध्याकाळची होती, मला जेवून जायचं होतं. आत तांदूळ धुतल्याचा आवाज आला, कुकरचं झाकण लागल्याचा आला. मी पिशवी भरत होते. भरून झाली तरी भरतच राहिले. पहिली शिट्टी झाली. नंतर बराच वेळ काहीच नाही. दुसरी शिट्टी झाली, आणि तिच्या मागोमाग आतून सा आला, अगदी हळू, काळी एकमध्ये.